स्थिर पाण्यातील ट्राउट : नवशिक्याने सुरुवात कोठून करावी?

कृष्णाकाठ :
नमस्कार. लहानपणी सांगलीला कृष्णेत गळ टाकत असे. आता इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो आणि येत्या मे महिन्यात रटलंड वॉटर या जलाशयाच्या काठावरून फ्लायने (किड्यासारख्या सजवलेल्या कृत्रिम गळाने) ट्राउट मासा धरण्याचा विचार आहे. फेकीचे प्राथमिक धडे घेतले आहेत. दहा फुटी, सात नंबरची काठी आणि तरंगता दोर एवढे साहित्य आहे. दोर सरळ पडतो, परंतु पंधरा यार्डांपलीकडे जात नाही. शेजारची मंडळी त्याच्या दुप्पट अंतर सहज गाठतात. नदीत प्रवाहावरून मासा कोठे असेल याचा अंदाज बांधता येतो, पण तीन हजार एकरांच्या स्थिर पाण्यासमोर उभे राहिल्यावर नेमके काय पाहावे, हेच उमगत नाही. अंतर वाढवण्यासाठी मेहनत घ्यावी, की आधी बुडता दोर घ्यावा?

पाणकावळा :
सध्या दोन्ही नकोत. मे महिन्यात काठालगतच्या उथळ पाण्यात भरपूर खाद्य असते आणि ट्राउट, विशेषतः पहाटे व संध्याकाळी, अगदी जवळ येऊन चरतो. कमरेएवढ्या पाण्यात उतरून लांब फेकणारे पुष्कळदा जेथे मासे यायचे तेथेच उभे असतात, हे आपण थोडा वेळ नुसते पाहत बसलात तरी ध्यानात येईल.

नदीतला ट्राउट एका जागी थांबतो आणि प्रवाह त्याच्यापर्यंत खाद्य आणतो; तलावात मात्र मासाच खाद्याच्या शोधात हिंडत असतो, त्यामुळे त्याचा ठिकाणा शोधण्यापेक्षा तो किती खोलीवरून फिरतो आहे हे शोधणे अधिक उपयोगाचे ठरते. फ्लाय पडल्याबरोबर ओढू नये. मनात पाचपर्यंत मोजून सावकाश ओढावी. काही लागले नाही तर पुढच्या फेकीला दहापर्यंत, मग पंधरापर्यंत मोजावे. ज्या आकड्यावर मासा लागेल, त्या आकड्यावर टिकून राहावे. फ्लाय जरा वजनदार आणि लीडर (दोर व फ्लाय यांना जोडणारा बारीक धागा) बारा ते पंधरा फुटांचा असला, तर काठाजवळच्या पाण्याला तरंगता दोर पुरतो.

प्रवाहाचे काम येथे वारा करतो. आपण उजव्या हाताने फेकत असाल, तर डाव्या बाजूने वारा येईल असा काठ निवडावा. त्यामुळे फेकीच्या वेळी गळ अंगापासून दूर राहतो, आणि पाण्यावर पडलेला दोर कमानीसारखा वळून फ्लायला आपोआप हळूहळू फिरवत नेतो. आपण फक्त ढील गोळा करायची. वारा उजवीकडून असेल तर जागा बदलावी. टोपी आणि चष्म्याशिवाय काठी हाती घेऊच नये, कारण उलटून आलेला गळ डोळ्यात रुतू शकतो.

चिखलातला किडा :
वरील उत्तरात खाद्याचा उल्लेख आहे, त्याविषयी थोडे. वसंतात या तलावांतील ट्राउटचे मुख्य खाद्य म्हणजे न चावणाऱ्या मिज माश्या. इकडचे मासेमार त्यांना बझर म्हणतात. त्यांच्या अळ्या तळाच्या चिखलात वाढतात, आणि काही जातींच्या अळ्या हिमोग्लोबिनमुळे लालभडक दिसतात. कोशावस्थेत हा जीव अत्यंत सावकाश वर चढतो आणि पृष्ठभागाच्या जरा खाली लटकून राहतो. ट्राउट त्याला टिपतो तो याच प्रवासात. म्हणून बारा नंबरच्या गळावरचा काळा बझर आणि डियाउल बाख या दोन फ्लाय आपल्याला पुरेत, मात्र त्या जवळजवळ स्थिर राहिल्या पाहिजेत. झटका बसेल अशी अपेक्षा ठेवू नये. बहुतेकदा दोराचे टोक किंचित पुढे सरकते, तेवढीच खूण.

लीडर पाण्यावर तरंगला तर त्याची रेघ उमटून मासे बिचकतात. मुलतानी माती आणि भांडी घासायचा द्रव साबण कालवून तो लेप लीडरवर चोळला की तो लगेच बुडतो. मुलतानी माती आपल्या घरात बहुधा असेलच.

नॉर्दॅम्प्टनकर :
माझे मत थोडे वेगळे आहे. पहिले काही दिवस चार-पाच एकरांच्या, मासे सोडलेल्या खासगी तळ्यावर घालवावेत. तेथे मासा लागण्याची शक्यता अधिक असते, आणि मासा लागल्यावर हात काय करतात हे कळल्याखेरीज वरचे सगळे ज्ञान कोरडेच राहते. रटलंडलाच जायचे असेल, तर परवाना देणाऱ्या कचेरीत सध्या कोणता काठ चालू आहे हे निःसंकोच विचारावे. तेथील दिवसाच्या परवान्याखेरीज एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी संस्थेचा रॉड लायसन्सही (गळाने मासेमारीचा परवाना) लागतो; इंग्लंडमध्ये तेरा वर्षे व त्यापुढील प्रत्येकाला तो सक्तीचा आहे.

कृष्णाकाठ :
सर्वांचे आभार. तळ्यापासूनच सुरुवात करतो. जुलैतही हीच पद्धत चालेल का?

पाणकावळा :
पहाटे आणि दिवस मावळताना चालेल. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि ट्राउट दुपारी खोल, थंड पाण्यात उतरतो. बुडत्या दोराचा विचार तेव्हा करावा, शक्यतो होडीतून आणि अंगात लाइफ जॅकेट घालून. पाणी वीस अंशांच्या वर गेले असेल, तर मासा पकडून परत सोडण्याच्या भरीस पडू नये, कारण दमलेला ट्राउट अशा पाण्यात सावरतोच असे नाही.