मदत हवी आहे: पॅकेज जुनाट, मेंटेनर गप्प. काय करायचं?

पाटीपेन्सिल
वाचनालयातल्या २,२०० पुस्तकांची लेबलं छापायची आहेत, सोमवारी तपासणी आहे. 'विज्ञान' छापायला गेलं की 'विज्‌ञान' उमटतं, पाय मोडलेला ज आणि शेजारी सुटा ञ. सॉफ्टवेअरच्या मूळ कर्त्यांनी हे दोन वर्षांपूर्वीच दुरुस्त केलंय, माझ्या लिनक्समधलं त्याचं पॅकेज मात्र जुनंच. मेंटेनरला, म्हणजे ते पॅकेज सांभाळणाऱ्याला, दोन मेल केले, उत्तर नाही. त्याच्याकडून पॅकेज काढून घेता येतं का? कृपया लवकर सांगा.

कोंडाणेकर
कुठलं डिस्ट्रो (लिनक्सचा कुठला प्रकार), कुठली आवृत्ती? मेल कुठे पाठवलं?

जांभूळवाडी
आर्च लिनक्स टाका. त्याच्या एयूआरमध्ये, म्हणजे वापरकर्त्यांनीच भरलेल्या भांडारात, पॅकेजवर 'जुनं' अशी खूण १८० दिवस तशीच राहिली, तर ते अनाथ (मेंटेनर नसलेलं) करण्याची विनंती आपोआप मंजूर होते. वाद नाही, हातापाया पडणं नाही.

पाटीपेन्सिल
डेबियन. मेल त्याच्या स्वतःच्या पत्त्यावर. वाचनालयाचा एकुलता एक संगणक आहे, आर्च नको.

कोंडाणेकर
ताई, डेबियन १२ की १३? १२ असेल तर जून २०२३ मध्ये ते आलं तेव्हा जे गोठलेलं होतं ते तसंच. स्टेबलमध्ये, म्हणजे डेबियनच्या स्थिर आवृत्तीत, सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या येतात, नवी आवृत्ती सहसा येत नाही. यात मेंटेनरचा काही दोष नाही. सिडमध्ये (नवी पॅकेजेस आधी येतात ती डेबियनची शाखा) कुठली आहे ते आधी बघा.

रात्रपाळी
हेच नेहमीचं उत्तर! एक्सस्क्रीनसेव्हरच्या कर्त्याने वैतागून प्रोग्राममध्येच 'ही आवृत्ती फार जुनी आहे' अशी सूचना टाकली होती, २०१६ मध्ये त्यावरून वाद झाला. स्टेबलमधल्या जुन्या आवृत्तीच्या तक्रारी त्याच्या दारात यायच्या.

कोंडाणेकर
आणि दर महिन्याला सगळं बदललं तर शाळा-वाचनालयांतली यंत्रं कोण सांभाळणार? मेंटेनर फुकट राबतो, घरदार त्यालाही आहे.

रात्रपाळी
फुकट राबतो म्हणून वर्षानुवर्षं अडवून बसायचं? जमत नसेल तर 'अनाथ' जाहीर करावं, त्यात कमीपणा नाही.

आजोबा_पेणचे
स्नॅप (प्रोग्राम बसवायची वेगळी पद्धत) काढायचं असेल तर आधी स्नॅपची यादी बघून एकेक काढा, मग 'अ‍ॅप्ट पर्ज स्नॅपडी'. मी मागच्या आठवड्यात केलं.

पाटीपेन्सिल
आजोबा, माझ्याकडे स्नॅप नाही. डेबियन १३ आहे. सिडमध्येही तीच आवृत्ती! शेवटचं अपलोड २०२१ चं, त्याआधीचं दुसऱ्याच कुणाचं. नवी आवृत्ती मागणारा बग (डेबियनकडे केलेली तक्रारीची नोंद) वर्षभर उत्तराविना पडून आहे.

सुईदोरा
हे आधी सांगायला हवं होतं, आता चित्र वेगळं आहे. मी स्वतः एक पॅकेज असं घेतलंय. याला 'सॅल्व्हेज' म्हणतात. त्याच पॅकेजवर 'इंटेंट टू सॅल्व्हेज' नावाचा बग उघडायचा, तीव्रता 'इम्पॉर्टंट'. मेंटेनरला २१ दिवस द्यायचे. तो नको म्हणाला तर तिथेच थांबायचं. काहीच बोलला नाही तर नवी आवृत्ती कमीत कमी ७ दिवसांच्या विलंबाने अपलोड करायची, त्या दिवसांतही तो अडवू शकतो. मात्र पुढे सांभाळायची तयारी हवी, एकदा दुरुस्त करून पळ काढायचा असेल तर हा रस्ता नाही. तुम्ही डेबियन डेव्हलपर नसाल तर स्पॉन्सर, म्हणजे तुमच्या वतीने अपलोड करणारा डेव्हलपर, लागेल. आणि वैयक्तिक मेलचा माग राहत नाही, म्हणून सगळं बगवर लिहा.

जांभूळवाडी
आणि तो नकार देऊन पुन्हा झोपला तर?

सुईदोरा
तर टेक्निकल कमिटी, डेबियनमधले तांत्रिक वाद तिथे मिटतात. मेंटेनरचा निर्णय उलटवायला तिथे तीनास एक बहुमत लागतं. आयुष्याची चार वर्षं माझी तिथल्या मेलिंग-याद्या वाचण्यात गेलीत, तिथे जाण्याआधी बोलून सुटतं का बघा.

सोमवारचं वेगळं. 'अ‍ॅप्ट सोर्स'ने जुन्या पॅकेजचा मूळ कोड उतरवा, 'यूअपडेट'ने नवी आवृत्ती त्यात बसवा, त्याचं पॅकेज घरीच बांधा. आवृत्तीच्या शेवटी ~ लावून काहीतरी जोडा, म्हणजे उद्या अधिकृत पॅकेज आलं की तेच वरचढ ठरेल.

पाटीपेन्सिल
रविवारी रात्री बांधलं. पहिलं लेबल निघालं तेव्हा ज्ञ नीट जोडून आला, मी तो दिव्याखाली धरून पाहिला. सगळी २,२०० छापून झाली.

सॅल्व्हेजचा बग उघडलाय, तयारी असल्याचंही लिहिलंय. आज नववा दिवस, मेंटेनरचं उत्तर नाही. सुईदोरा, बारा दिवसांनी स्पॉन्सर व्हाल का?