सोसायटी ग्रुप: ऑफिसच्या लॅपटॉपचं काय करायचं?

खजिनदार वहिनी (३०३): नमस्कार सगळ्यांना. ऑफिसचा लॅपटॉप आजही उघडल्या उघडल्या तोच निळा मेसेज दाखवून राहिला, की विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. मागच्या मीटिंगमध्ये मी हे सांगितलं होतं. तेव्हा "पाहू" म्हणून विषय लिफ्टवर गेला. मार्चअखेरचे सगळे हिशेब त्याच्यावरच आहेत आणि ३१ जुलैच्या आत ऑडिट व्हायचं आहे. काय ते आज ठरवा. उद्या काही झालं तर मी एकटी जबाबदार राहणार नाही.

२०१ काका: लॅपटॉप चालू आहे ना? मग चालू वस्तूला हात लावायचा नाही.

सचिव (१०१): वहिनी, मनावर घेऊ नका. विषय महत्त्वाचाच आहे. सर्वांनी मत द्यावं, पण कृपया याच विषयावर.

३०४ ताई: म्हणजे कूलरच्या पाण्याचं बोलायचं नाही का? कालपासून वरून ठिबकून माझ्या गाडीची सीट ओली होऊन राहिली.

सचिव (१०१): ताई, त्यासाठी वेगळा मेसेज टाका ना.

३०४ ताई: टाकला होता. मंगळवारी. सगळ्यांनी पाहिला, उत्तर एकानेही दिलं नाही.

५०१ भाऊ: लॅपटॉपचं एवढं टेन्शन काहून घेता? बर्डीच्या बाजारात माझ्या ओळखीचा पोरगा आहे. हजार रुपयांत विंडोज ११ टाकून देते. संध्याकाळी देऊन द्या, सकाळी परत.

खजिनदार वहिनी (३०३): तोच ना, जो प्रिंटर दुरुस्त करून गेला? तेव्हापासून स्कॅनिंग बंद आहे भाऊ.

५०१ भाऊ: स्कॅनरचा प्रॉब्लेम आधीपासूनच होता. आपण चांगल्यासाठी सांगतो, तं असं ऐकावं लागते.

रोहन (४०२): भाऊ, राग नका धरू, पण हजार रुपये कशाचे? जे मशीन अटींत बसतं त्याला विंडोज ११ फुकटच मिळते. आणि आपला लॅपटॉप बसतच नाही. काल रात्री मी ऑफिसमध्ये बसून तपासलं. टीपीएम २.० आहे, सिक्युअर बूट (सुरू होतानाच खोटं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) आहे, रॅम ४ जीबी म्हणजे अगदी काठावर. पण प्रोसेसर आय-३, सातव्या पिढीचा. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच लागतो. मायक्रोसॉफ्टचं तपासायचं ॲप 'पीसी हेल्थ चेक' सरळ नाही म्हणते.

५०१ भाऊ: टीपीएम आहे म्हणतो आणि चालत नाही म्हणतो. एक काहीतरी सांग.

रोहन (४०२): दोन्ही अटी वेगळ्या आहेत भाऊ. टीपीएम म्हणजे किल्ल्या सांभाळणारी चिप. ती असली तरी प्रोसेसरसुद्धा यादीत असावा लागतो. रूफस नावाच्या टूलने पेन ड्राइव्ह बनवून ही अट चुकवता येते, बर्डीला बहुतेक तेच करतील. चालेलही. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच अशी मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. सगळा खटाटोप ज्या अपडेटसाठी, त्याचाच भरवसा नाही. काय फायदा?

२०१ काका: म्हणूनच म्हटलं. चालू वस्तूला हात लावायचा नाही.

२०३ काकू: रोहन बेटा, आमच्या घरच्या लॅपटॉपवर पण तसंच येते. मुलगा पुण्याला आहे, तो म्हणते "आई, मी आल्यावर पाहतो". तोवर वापरू की नको?

रोहन (४०२): काकू, वापरा. घरगुती लॅपटॉपला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळायची सोय आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला की फुकट. नाही तर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीची लिंक दिसते. संध्याकाळी येऊन करून देतो.

२०३ काकू: ये बेटा. तर्री पोहे करते.

१०५ दादा: काकू, माझाही लॅपटॉप बिघडला असं समजा 😋

३०४ ताई: आणि माझी गाडी. तिलाही बघायला कोणीतरी या पोहे खाऊन.

सचिव (१०१): मग सोसायटीच्या लॅपटॉपलाही हीच सोय घेऊ. विषय संपला.

रोहन (४०२): काका, ती सोय घरगुती वापरासाठी आहे. संस्थांसाठी वेगळी आहे. एका मशीनला पहिल्या वर्षी ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. सात-आठ वर्षं जुन्या लॅपटॉपवर एवढे पैसे घालायचे का, हा प्रश्न आहे.

२०१ काका: अँटीव्हायरस घेतला आहे ना आपण? पैसे भरून? मग झालं. चालू वस्तूला हात लावायचा नाही.

रोहन (४०२): काका, अँटीव्हायरस म्हणजे गेटवरचा वॉचमन. मागची भिंत पडली असेल तर ती तो बांधून देत नाही. विंडोजमधलीच डिफेंडरची व्हायरस ओळखायची यादी ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहे. पण विंडोजमध्ये नवी फट सापडली तर ती बुजवणारं अपडेट आपल्याला मिळणार नाही.

१०२ आजोबा: रोहन बरोबर सांगून राहिला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरस आला तेव्हा मी बँकेत होतो. जगभरातल्या रुग्णालयांची आणि कंपन्यांची मशीन कुलूपबंद झाली, फाइली सोडवायला बिटकॉइन मागत होते. ती फट बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. दोन महिने ज्यांनी ते टाकलं नाही, ते सापडले. त्यांचीही मशीन आदल्या दिवसापर्यंत उत्तम चालू होती.

२०१ काका: आपली सोसायटी म्हणजे काही बँक नाही आजोबा. आपल्याकडे कोण येते चोरायला?

खजिनदार वहिनी (३०३): काका, तुमच्या आधार कार्डाची प्रत त्यातच आहे. तुमच्या भाडेकरूचा करारनामा, पोलीस पडताळणीचे कागद, सगळ्यांचे नॉमिनेशन फॉर्म, शेअर रजिस्टर. तुम्ही विश्वासाने माझ्याकडे दिलेले कागद आहेत हे. रात्री झोप लागत नाही म्हणून सकाळी मेसेज टाकला. हौस म्हणून नाही.

३०४ ताई: हे माहीत नव्हतं. वहिनी म्हणतात ते खरं आहे. करून टाका लवकर.

४०१ दादा: नवीनच घ्या ना मग. एसएसडीवाला, १६ जीबी.

२०१ काका: पैसे कुठून? रंगकामातून उरलेले?

३०४ ताई: उरले होते का?

सचिव (१०१): ताळेबंद सर्वसाधारण सभेत वाचून दाखवला होता. काका, आपण त्या दिवशी उपस्थित नव्हतात.

२०१ काका: नातीचं बारसं होतं. सगळ्यांना आमंत्रण होतं. आपणही आला नव्हता.

१०२ आजोबा: अरे बाप्पा, लॅपटॉपवर या.

४०१ दादा: विंडोजच्या जागी लिनक्स टाका! फुकट आहे, जुन्या मशीनवर पळते.

रोहन (४०२): लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) या लॅपटॉपवर छान चालेल, मी स्वतः वापरतो. पण हिशेब टॅली सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही. ऐन ऑडिटच्या तोंडावर वहिनींना नवीन काही शिकायला लावणं बरोबर नाही.

५०१ भाऊ: मग माझा पोरगाच बरा. रात्रीतून काम.

खजिनदार वहिनी (३०३): भाऊ, हात जोडून सांगते. चार्जरची वायर चिकटपट्टीने बांधलेली आहे. प्लग हलला की लॅपटॉप बंद, बॅटरी पाच मिनिटंही धरत नाही. पारा ४४ वर गेला आहे, दुपारी केव्हाही लाईन जाते. अर्ध्या इन्स्टॉलेशनमध्ये लाईन गेली तर अकरा वर्षांचे हिशेब कोणाकडे मागायचे?

५०१ भाऊ: बॅकअप नाही का?

खजिनदार वहिनी (३०३): टॅलीचा आहे, पेन ड्राइव्हवर. कागदपत्रांचा नाही. हार्ड डिस्कला पैसे मागितले होते तेव्हा कमिटीने कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर घेतला.

सचिव (१०१): डीव्हीआर सर्वानुमते घेतला होता. असो. रोहन, तू सांग, काय करायचं?

रोहन (४०२): काका, माझं मत स्पष्ट आहे. या लॅपटॉपवर विंडोज ११ चढवायचंच नाही. आज रात्रीच पूर्ण बॅकअप, दोन जागी. नुसता टॅलीचा नाही, स्कॅन केलेले कागद आणि फॉन्टचं फोल्डरसुद्धा. जुन्या नोटिसा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत, तो फॉन्ट नव्या मशीनवर नसेल तर मराठीऐवजी उलटसुलट इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतील. बॅकअप घेतला की एक-दोन फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहायच्या. उघडल्या तरच तो बॅकअप. मग लॅपटॉपचं नेट बंद. बँक आणि ईमेल त्यावरून अजिबात नाही, फक्त टॅली. आणि ऑडिटची वाट न पाहता, याच महिन्यात नवा लॅपटॉप. महागडा नको, विंडोज ११ आधीच असलेला साधा ८ जीबीचा पुरे. टॅलीचा परवाना जुन्यावरून आधी सरेंडर करायचा, मगच नव्यावर चालू करायचा, नाही तं ऐन वेळी अडेल.

२०१ काका: आणि जुना भंगारात? चालू वस्तू?

रोहन (४०२): नाही काका. हिशेब नव्यावर नीट उघडले की जुन्याची डिस्क पुसून त्यावर लिनक्स टाकून देतो. खालच्या वाचनालयात मुलांना होईल.

२०१ काका: मग ठीक आहे. वाचनालयाला जात असेल तं माझी हरकत नाही. चार्जर मात्र नवा घ्या, पोरांना शॉक नको लागायला. तो माझ्याकडून.

खजिनदार वहिनी (३०३): 🙏 काका, खरंच आभार.

२०३ काकू: रोहन, माझ्या लॅपटॉपवर ११ टाकता येते का तेही पाहून घे.

रोहन (४०२): पाहतो काकू. येत असेल तर आधी तुमचे फोटो दुसरीकडे काढून घेऊ. ११ नाही आवडलं तर दहा दिवसांच्या आत परत १० वर जाता येते, त्यानंतर ते बटण राहत नाही. आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवायची, लॅपटॉपच्या बॅगेत नाही.

सचिव (१०१): ठराव असा: आज रात्री ९ ला ऑफिसमध्ये बॅकअप, रोहन आणि वहिनी. लॅपटॉपसाठी तीन दुकानांची कोटेशन्स रविवारपर्यंत. ५०१ भाऊ, त्यातलं एक तुमच्या ओळखीतून आणा, पण पक्क्या बिलाचं.

५०१ भाऊ: आणतो. बिलासकट आणतो.

३०४ ताई: आणि कूलर?

सचिव (१०१): ताई, ९ ला मी खाली येतोच आहे. कोणाच्या कूलरचा पाइप आहे ते तेव्हाच पाहू.

४०३ वहिनी: आमचाच असेल. आमच्या यांना संध्याकाळी पाइप आत वळवायला सांगते. ताई, सीट पुसून देते, राग नका मानू.

खजिनदार वहिनी (३०३): एक्स्टर्नल हार्ड डिस्क कोणाकडे आहे? एका रात्रीसाठी. १०५ दादा, तुमच्याकडे लग्नाच्या व्हिडिओची होती ना?

१०५ दादा: आहे, अर्धी रिकामी आहे. पण केबल ४०१ कडे आहे, दिवाळीपासून.

४०१ दादा: आणून देतो. ९ ला.