हायड्रेंजिया दुपारी मान टाकतो म्हणून लगेच पाणी नका घालू

ताई, तुमचं कुंडीतलं हायड्रेंजिया दुपारी मान टाकतं आणि निळी फुलं यंदा गुलाबी आली म्हणताय ना, आमच्याकडे पुण्यात सेम झालं होतं. पानं मोठी असल्यामुळे उन्हात पाणी भराभर उडतं, मुळं तेवढं पुरवू शकत नाहीत, म्हणून माती ओली असतानाही झाड लोंबतं आणि संध्याकाळी आपोआप ताठ होतं. मी घाबरून दुपारी परत पाणी घालायचे आणि एक झाड मुळं कुजून गेलं! आता आधी बोट दोन इंच मातीत घालून बघते, कोरडं लागलं तरच पाणी. कुंडी पूर्वेच्या बाल्कनीत, फक्त सकाळचं ऊन.

रंगाचं म्हणाल तर माती आम्लधर्मी असेल, पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकी माती आम्ल) साधारण ५ ते ५.५, तर झाडाला अ‍ॅल्युमिनियम मिळतं आणि फूल निळं येतं. बोअरच्या जड पाण्याने पीएच वर जातो की झालं गुलाबी. पावसाचं पाणी साठवून घाला, नाहीतर तुरटीचं अगदी पातळ पाणी अधूनमधून. पांढऱ्या जातीवर मात्र काही उपयोग नाही.

आणि छाटणी फुलं संपल्यावर लगेच, उशिरा नको, कारण नेहमीच्या मोठ्या पानांच्या जातीत पुढच्या कळ्या जुन्या फांद्यांवरच धरतात.