आजोबांच्या ट्रंकेतल्या दोन स्विस नोटा: एकच चित्र, बँका वेगळ्या?

खानापूरचा नातू: आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. त्यांच्या ट्रंकेत ५० फ्रँकच्या दोन नोटा सापडल्या. आकार एक, बाईचं चित्र एक, पण एकीवर बर्नच्या बँकेचं नाव आणि दुसरीवर सेंट गॅलनच्या. यातली एक खोटी असंल काय? आई म्हणते, लॅमिनेशन करून ठेव.

वडगावकर: कोल्हापुरात नाणी-नोटांचं प्रदर्शन भरतं, तिथं दाखवा.

शहापूरचे काका: बाळा, आधी लॅमिनेशन नको! माझ्या वडिलांची पंचम जॉर्जची दहाची नोट मी खडेबाजारात एका दुकानात लॅमिनेट केली. गरम रुळातून निघाली ती कडा तपकिरी होऊनच. आता सोलायला गेलं तर शाई प्लॅस्टिकला चिकटून येते. चाळीस वर्षं झाली, अजून जीव हळहळतो.

आता तुझ्या नोटांचं. नाव वेगळं आहे म्हणून खोटी ठरत नाही. या नोटा निघाल्या तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेसारखी मध्यवर्ती बँकच नव्हती, प्रांताप्रांतांच्या बँका आपापल्या नोटा काढायच्या. १८८१ च्या कायद्यानं साचा एकच केला, ५०, १००, ५०० आणि १००० फ्रँकचा. नाव तेवढं ज्या त्या बँकेचं. नोटांच्या ४० टक्के रोकड तिजोरीत ठेवायची, एकमेकींच्या नोटा घ्यायच्या. सामान्य माणसावर मात्र घेण्याची सक्ती नव्हती. आपल्याकडंही १८६१ च्या कायद्याआधी बँक ऑफ बॉम्बेच्या स्वतःच्या नोटा होत्याच की.

नोटांचा हक्क एकट्या देशाकडं असावा, असा कौल १८९१ मध्ये जनतेनं दिला. पण १८९७ मध्ये सरकारी बँकेचा कायदा जनतेनंच पाडला! शेवटी २० जून १९०७ ला नॅशनल बँक उघडली. तिच्याकडं नव्या नोटा तयार नव्हत्या, म्हणून त्याच साच्यावर स्विस क्रॉस असलेलं गोल नक्षीचं फूल छापून चालवलं. जुन्या बँकांना नोटा परत घ्यायला तीन वर्षं दिली. तुझ्या नोटांवर ते फूल आहे काय, बघ.

खानापूरचा नातू: काका, दोन्हीवर फूल नाही. म्हणजे आजोबांना मिळाल्या तेव्हाच बाद होऊन तीसेक वर्षं झाली असतील. घड्या न उलगडता वहीच्या कागदात ठेवल्यात. लॅमिनेशन रद्द, आईला सांगितलं.