दापोली-मुरूड, समुद्रापासून १५० मीटरवर १९९८ चा बंगला: विसार देण्याआधी कोणत्या तपासण्या?

पुळणवाट

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यातल्या मुरूडला एक बंगला पाहिलाय. तळमजला अधिक एक मजला, बांधकाम १९९८ चं. आरसीसी कॉलम-बीम, मधल्या भिंती चिऱ्याच्या, वर स्लॅब आणि गच्चीवर पत्र्याची शेड. वाळूपासून सरळ रेषेत १५० मीटर. आवारात विहीर आहे. नुकताच आतून-बाहेरून रंग दिलाय, त्यामुळे दिसायला झकास. मालक मुंबईला असतात, बोलणी एजंटमार्फत. एजंटचं म्हणणं, "बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला, मोजणी झालेली आहे, आता आणखी काय तपासायचंय?" विसार पंधरा दिवसांत मागतायत. इंजिनियरकडून तपासणी करून घ्यायची तर त्याला नेमकं काय सांगायचं? कोणत्या चाचण्या, कोणत्या क्रमाने? जाणकारांनी सांगावं.

सळई_खडी

व्हॅल्युअर बँकेचं कर्ज वसूल होईल एवढी किंमत आहे का ते बघतो. स्लॅबमधली सळई बघणं हे त्याचं काम नाही. तुम्हाला स्ट्रक्चरल इंजिनियर हवा, आणि तो दुरुस्तीची कामं घेणारा नको. चाचण्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून.

आधी पार्श्वभूमी. आज आयएस ४५६ (काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक, २००० ची आवृत्ती) किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला किमान एम-३० ग्रेड (ताकदीची प्रत, आकडा जास्त तितकं मजबूत) आणि सळईवर ४५ मिमी कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) सांगतं. १९९८ ला १९७८ ची आवृत्ती चालू होती. त्या काळातल्या घरगुती बांधकामात एम-१५ आणि स्लॅबला जेमतेम १५ मिमी कव्हर सर्रास सापडतं. त्यात खाडीची रेती न धुता वापरली असेल तर मीठ पहिल्या दिवसापासून काँक्रीटच्या आत आहे. हवेतून येतं ते वेगळंच.

पहिली फेरी हातोडीची. साधी हातोडी घेऊन स्लॅबची खालची बाजू, छज्जे, बीमची खालची कड ठोकत जायचं. घट्ट काँक्रीट टणटण वाजतं, सुटलेलं बदबद. नवा रंग डोळ्यांना फसवतो, कानाला नाही. पोकळ लागलेली प्रत्येक जागा खडूने आखून नकाशावर उतरवायची. जास्त वेळ इथे द्या: पश्चिमेकडचे छज्जे, पोर्चचा स्लॅब, बाथरूमखालचा स्लॅब, पाण्याच्या टाकीखालचे कॉलम, आणि जोत्यापासून वर फूट-दोन फुटांपर्यंत कॉलमचा भाग (जमिनीतली खारट ओल तिथपर्यंत चढते). बीमवर सळईच्या रेषेत लांबलचक भेग दिसली की समजा, गंजाने काँक्रीट आतून फाकवलंय. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा खातो.

बाल्कनी वेगळी बघा. पुढे काढलेल्या बाल्कनीत मुख्य सळई वरच्या बाजूला असते, फरशीच्या खाली. खालून सगळं ठणठणीत दिसतं आणि वरची सळई फरशीतून झिरपलेल्या पाण्याने संपलेली असते. म्हणून बाल्कनीची एखादी फरशी भिंतीलगत उचलून बघायलाच हवी.

मग यंत्रं. रिबाउंड हॅमर (उसळीवरून काँक्रीटची ताकद सांगणारं यंत्र) प्लास्टरवर मारला तर तो आकडा कागदावर लिहायच्या लायकीचा नाही. प्लास्टर काढून, दगडाने घासून मारायचा. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कार्बोनेशनने (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या परिणामाने) कडक झालेला असतो, तिथे हॅमर वाढीव ताकद दाखवतो. म्हणून एकट्या हॅमरचा रिपोर्ट आला तर परत पाठवा. सोबत अल्ट्रासोनिक (यूपीव्ही) चाचणी हवी, म्हणजे काँक्रीटमधून ध्वनिलहर किती वेगाने जाते ते मोजायचं. वेग सेकंदाला ३ किमीच्या खाली आला की काँक्रीट संशयास्पद.

खरी गरज आहे ती पुढच्या तीन गोष्टींची, आणि नेमक्या याच गाळल्या जातात:

१) कार्बोनेशन. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलीन फवारायचं. गुलाबी झालं तो भाग अजून सळईचं रक्षण करतोय, रंग आला नाही तो गेला. बिनरंगी थराची खोली कव्हरएवढी झाली असेल तर सळईचं कवच संपलं.

२) हाफ-सेल (सळईच्या विद्युत दाबावरून गंज ओळखायची चाचणी). कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडने मोजलेलं रीडिंग -२०० मिलिव्होल्टपेक्षा कमी ऋण असेल तर गंज नसण्याची शक्यता ९० टक्के, -३५० च्या पलीकडे गेलं तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्के, मधलं अनिश्चित. यासाठी एका ठिकाणी सळई उघडी करून वायर जोडावी लागते आणि पृष्ठभाग ओला करावा लागतो. रंगावरून घेतलेली रीडिंग फेकून द्या.

३) क्लोराइड (मिठाचा अंश), तेही खोलीनुसार. ड्रिलची भुकटी ०-१५, १५-३० आणि ३०-४५ मिमी अशी तीन वेगळ्या पिशव्यांत. आयएस ४५६ ची मर्यादा घनमीटरला ०.६ किलो, म्हणजे काँक्रीटच्या वजनाच्या साधारण ०.०२५ टक्के. ही मर्यादा नव्या काँक्रीटसाठी आहे, पण मोजपट्टी म्हणून चालते. आकडा बाहेरून आत कमी होत गेला तर मीठ हवेतून आलंय. खराब थर काढून, नवं कव्हर देऊन काम निभावतं. तिन्ही खोलींवर सारखाच जास्त निघाला तर मीठ मूळ मिश्रणातलं. त्यावर कुठलाही रंग, कुठलंही कोटिंग चालत नाही.

दोन मजली बंगल्याला प्लास्टर काढलेल्या ६-८ जागा (फूटभर बाय फूटभर) पुरतात. पैकी निम्म्या तरी पश्चिमेच्या आणि ओल्या भागातल्या. कोअर (काँक्रीटचे दंडगोल नमुने) काढायचे तर किमान तीन, आणि २३० मिमीच्या कॉलममधून शक्यतो नकोच. आधीच बारीक कॉलम, त्यात भोक कशाला?

गटनंबर

वरचं सगळं बरोबर, पण त्यावर पैसे घालण्याआधी १९९८ आणि १५० मीटर हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. ग्रामीण किनाऱ्यावर (सीआरझेड-३) भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र तेव्हापासून आहे. म्हणजे १९९८ ला १५० मीटरवर नवं घर बांधायला परवानगी मिळण्यासारखी नव्हतीच. आधीपासून असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी असेल तर गोष्ट वेगळी, तीही जोत्याचं क्षेत्र आणि चटई क्षेत्र न वाढवता. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांना (२०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोक) ही रेषा ५० मीटरवर आणली. बाकी गावांना २०० च आहे. पण नंतर नियम सैल झाला म्हणून आधीचं विनापरवाना बांधकाम आपोआप अधिकृत होत नाही.

हे मागा:
- १९९१ पूर्वीचा ग्रामपंचायतीचा घरपट्टी उतारा (नमुना ८), त्यावर जुन्या घराचं क्षेत्रफळ
- बांधकाम परवानगी आणि शिक्क्याचा नकाशा. जमीन गावठाणाबाहेर असेल तर बिनशेती आदेश
- चालू सातबारा आणि त्यावरचे सगळे फेरफार

नमुना ८ हा करापुरता कागद. त्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही, आणि घरपट्टी भरली म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही. एजंट लोक हाच कागद नाचवतात.

आणि अंतर कुठून मोजलं? वाळूपासून नाही मोजायचं. भरतीरेषा ही मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावरची रेषा आहे. हे नकाशे महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघता येतात. प्लॉट सीमेवर येत असेल तर १:४००० चा नकाशा केंद्राने मान्यता दिलेल्या संस्थेकडूनच करून घ्यावा लागतो (चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाची संस्था त्यातली एक). जवळ खाडी किंवा भरतीचं पाणी येणारा ओढा असेल तर त्याचंही वेगळं अंतर लागतं, हे लोक विसरतात.

याचा सळईशी थेट संबंध आहे. घर अधिकृत असेल तर खराब निघालं तरी पाडून तेवढंच परत बांधता येईल. अधिकृत नसेल आणि स्लॅब गेलेला असेल, तर घरही हातचं जाईल आणि जागेवर नवं उभंही करता येणार नाही. कोकणात अशा बंगल्यांना घासाघीस न करता गिऱ्हाईक मिळतं ते मुंबई-पुण्याचंच!

मोजणीचं म्हणाल तर "झालेली आहे" हे उत्तर नव्हे. भूमी अभिलेख खात्याची 'क' प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) मागा, तारीख बघा, आणि हद्दीच्या खुणा जागेवर आहेत का ते प्रत घेऊन फिरून बघा. नवी मोजणी लावायची तर अर्ज मालकाच्या नावानेच जातो, तुमच्या नाही. लगतच्या खातेदारांना नोटिसा निघतात, म्हणून वाद असेल तर तिथेच बाहेर पडतो. सातबारा सामायिक असेल तर प्रत्येक हिस्सेदाराची सही हवी, नुसती "सगळ्यांची संमती आहे" ही तोंडी ग्वाही नको. जमीन अजून शेतीची असेल आणि तुम्ही शेतकरी नसाल, तर कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं; मग बाकी चर्चाच बंद.

पुळणवाट

धन्यवाद दोघांनाही. एजंटला विचारलं. तो म्हणतो, पूर्वी तिथे कौलारू घर होतं, त्याच जोत्यावर बांधलंय. आणि मालक प्लास्टर फोडू देणार नाहीत, "रंग नवीन आहे". विहिरीचं पाणी चाखून पाहिलं, गोड लागलं.

गटनंबर

त्याच जोत्यावर असेल तर उत्तम, पण ते जोतं किती चौरस फुटांचं होतं? जुन्या नमुना ८ मधलं क्षेत्र आणि आजच्या तळमजल्याचं माप टेपने ताडून बघा. पोर्च, मागची पडवी, बाहेरचं संडास-बाथरूम हे बहुतेक वेळा नंतर वाढवलेलं असतं. शिवाय कौलारू घर एकमजली असेल तर वरचा अख्खा मजला वाढीव चटई क्षेत्र झालं.

आडाचं_पाणी

दादा, पाणी कधी चाखलंत? पावसाळ्यानंतर किनाऱ्यावरची कुठलीही विहीर गोड लागते. वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीपेक्षा गोड्या पाण्याची पातळी एक मीटर वर असेल तर खाली ढोबळ ४० मीटरपर्यंत गोडं. पातळी उतरली की खारं तेवढ्याच हिशोबाने वर येतं. म्हणून नमुना मे महिन्यातला हवा. आता तातडीने बघायचंच असेल तर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरने एक रीडिंग घ्या, दोन तास पंप चालवा, पुन्हा घ्या. आकडा झपाट्याने चढला तर उन्हाळ्यात काय होणार ते कळलं. पिण्याच्या पाण्याला टीडीएस लिटरला ५०० मिग्रॅपर्यंत चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. क्लोराइडला हेच आकडे २५० आणि १,०००. प्रयोगशाळेत कोलिफॉर्मही (मैलापाण्यातून येणारे जंतू) तपासायला सांगा, कारण वाळूत शोषखड्ड्याचं पाणी न गाळता विहिरीपर्यंत पोचतं. शोषखड्डा आणि विहीर यांत किमान १८ मीटर हवेत. पाच-सहा गुंठ्यांच्या आवारात ते क्वचितच जमतं, आणि शेजाऱ्याचा शोषखड्डाही मोजायचा असतो.

आणखी एक: बंगल्याची दुरुस्ती करायची ठरलीच तर याच विहिरीचं पाणी काँक्रीटला वापरू नका, क्लोराइड लिटरला ५०० मिग्रॅच्या वर असेल तर.

सळई_खडी

रंग नवीन आहे म्हणून प्लास्टर फोडू देत नाहीत, यातच थोडं उत्तर आहे. तरी मधला मार्ग निघतो. रंग न बिघडवता होणाऱ्या जागा मागा: टाकीखालचे कॉलम, गच्चीच्या शेडखालचा भाग, जिन्याखालची पोकळी, मागचे छज्जे, सेप्टिक टँकजवळचा जोत्याचा भाग. त्यातल्या चार जागी भुकटी आणि कार्बोनेशन झालं तरी कल कळतो. बाकी ठिकाणी कव्हर मीटर आणि हातोडी. फोडलेलं प्लास्टर तुमच्या खर्चाने भरून रंगवून देण्याचं लेखी द्या. त्यालाही नकार आला तर घर बघायचं थांबवा.

"आम्ही दुरुस्त करून देतो" म्हणाले तर सावध. गंजलेल्या जागी ठिगळ मारलं की ठिगळातली सळई सुरक्षित होते, पण ठिगळाच्या कडेची, खारट काँक्रीटमधली सळई जास्त वेगाने गंजू लागते. दोन-तीन पावसाळ्यांत ठिगळाच्या भोवती नवी पोकळी वाजते. मीठ जास्त असेल तर ठिगळात जस्ताचे अॅनोड (सळईऐवजी स्वतः गंजणारे तुकडे) बांधावे लागतात, नाहीतर खारट काँक्रीट मोठ्या भागातून काढावं लागतं. ते काम मालक विकण्याआधी करून देणार नाही. म्हणून दुरुस्ती करून मागू नका, तिचा अंदाज किमतीतून वजा करा. इंजिनियरच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक भागाचा नकाशा, चाचणीच्या जागा, रीडिंगचं कोष्टक आणि दुरुस्तीचं परिमाण (किती चौरस मीटर, कोणती पद्धत) हवं. "इमारत वापरण्यास योग्य आहे" असं एकपानी प्रमाणपत्र घेऊ नका.

ढोबळ निकष: खराबी छज्जे आणि पोर्चपुरती असेल तर घ्या, भाव पाडून. एका मजल्याच्या स्लॅबचा चौथा हिस्सा पोकळ वाजत असेल किंवा तळमजल्याचे कॉलम गेले असतील, तर फक्त जागेच्या भावातून पाडायचा खर्च वजा करा, तोही गटनंबर यांनी सांगितलेले कागद मिळाले तरच.

गच्चीची शेड निसर्ग वादळानंतर (३ जून २०२०) घातलीय का विचारा. शेडचे पाय स्लॅबमध्ये बोल्टने कसे धरलेत ते बघा, कारण तिथूनच पाणी आत शिरतं. पत्रा जे-हुकने धरलाय की स्क्रूने, हुक गंजलेत का, तेही. गुगल अर्थवर जुन्या सालांच्या प्रतिमा लावून समोरची सुरूची रांग किती मागे सरकलीय ते बघायला पाच मिनिटं लागतात.

गटनंबर

विसार पावतीत हे घाला: (१) १९९१ पूर्वीच्या घराचा आणि परवानगीचा पुरावा मालकाने द्यावा, (२) भूमी अभिलेखची नवी मोजणी मालकाच्या खर्चाने, (३) संरचना तपासणीला प्रवेश, प्लास्टर काढण्यासह, (४) यातलं काहीही न जमल्यास विसाराची पूर्ण रक्कम ३० दिवसांत परत. सही मालकाची घ्या, एजंटची नको. मुखत्यारपत्रावर सही होणार असेल तर ते नोंदणीकृत आहे का आणि मालक हयात आहेत का, हे आधी. पंधरा दिवसांची घाई त्यांना आहे. मोजणीची तारीख मिळायलाच त्याहून जास्त लागतात.