आयर्लंड युद्धात नव्हतं ना, मग त्यांचे खलाशी कसे मेले?

आंबियाबहार_वरूड:
माह्या मामाचा पोट्टा मर्चंट नेव्हीत ऑइलर (इंजिनला तेलपाणी करणारा) आहे, मागच्या महिन्यात त्याचं जहाज डब्लिनला लागलं होतं, तिथल्या सिटी क्वे धक्क्यावर खलाशांचं स्मारक आहे त्याचा फोटो त्याने घरच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या आयरिश लोकांचं म्हणे. पण आयर्लंड तर तटस्थ होतं न, शाळेत तसंच शिकलो, मग हे काहून मेले? अन् तिकडे मामीनं फोटो पाहिला तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरून नाही राहिला.

जुनीपेटी:
तटस्थ होतं, पण बेट आहे भाऊ ते, गहू, कोळसा, खत सगळं बाहेरून येणार, अन् स्वतःची जहाजं मोजकी. म्हणून १९४१ मध्ये सरकारने आयरिश शिपिंग नावाची कंपनी काढली अन् मिळेल तिथून जुनीपुराणी जहाजं गोळा केली. दोन्ही बाजूंना मोठ्ठ्या अक्षरात EIRE, उच्चार ‘एरा’, म्हणजे त्यांच्या भाषेत आयर्लंड, असं रंगवलेलं, झेंडा काढलेला, अन् बाकीचे देश अंधार करून जायचे तेव्हा हे रात्री लाइट लावून, की बाबा आम्ही कोणाच्या भांडणात नाही. तरी उडवली. ‘आयरिश पाइन’ नावाचं जहाज अमेरिकेत टँपाला फॉस्फेट आणायला निघालं होतं, हो तेच, आपण सुपर फॉस्फेट टाकतो त्याचा कच्चा माल. नोव्हेंबर १९४२ मध्ये यू-६०८ या जर्मन पाणबुडीनं टॉर्पेडो मारला. ३३ माणसं, एकही नाही वाचला. घरच्यांना इतकंच कळलं की जहाज पोचलं नाही, खरं काय झालं ते पुढे पाणबुडीच्या नोंदवहीतून बाहेर आलं.

जिनिंगवाला:
आमचे आजोबा जिनिंगच्या बॉयलरवर होते, मे महिन्यात फावड्यानं कोळसा टाकून टाकून अंगावर मिठाचे पांढरे पट्टे यायचे त्यांच्या. जहाजावरच्या फायरमनचं कामही तेच, फक्त खाली, पाण्याच्या पातळीखाली, लोखंडी शिडी एवढीच वाट. टॉर्पेडो इंजिन रूमला लागला की खालचे वर येतच नसत. अन् बरेच आयरिश पोट्टे पोटासाठी ब्रिटिश जहाजांवर होते, तिथं तर १९४१ च्या मे पर्यंत जहाज बुडालं की त्याच दिवसापासून पगार बंद! माणूस लाइफबोटीत जिवंत बसला असला तरी.

दर्यावर्दी_चिखलदरा:
(नावावर हसू नका, समुद्र दोनदाच पाहिला.) त्या ब्रिटिश जहाजांवरच्यांची नावं लंडनला टॉवर हिलच्या स्मारकावर, दुसऱ्या युद्धाचीच जवळपास २४ हजार. ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही असेच सगळे. आपल्या खलाशांचं तसंच स्मारक मुंबईत मस्जिद बंदरजवळ इंडियन सेलर्स होममध्ये आहे, पण तिथं कोण जाते.
वरूडवाले भाऊ, एक तुमच्या कामाचं. ‘केरलोग’ म्हणून एक टीचभर आयरिश जहाज होतं, माणसं १०. डिसेंबर १९४३ मध्ये लिस्बनहून डब्लिनला काय नेत होतं माहीत आहे? तुमच्या वरूडसारखी संत्री! वाटेत बुडालेल्या जर्मन जहाजांचे लोक पाण्यात दिसले, तर तासन्‌तास थांबून १६८ जण वर ओढले, केबिनमध्ये, इंजिन रूममध्ये, जागा मिळेल तिथं कोंबले. अन् दोनच महिने आधी याच केरलोगवर ब्रिटिशांच्या विमानांनी गोळ्या झाडल्या होत्या. म्हणजे मारणारे दोन्हीकडचे.

आंबियाबहार_वरूड:
धन्यवाद मंडळी. संत्र्याचं मामीला वाचून दाखवलं, ते पटलं तिला, बाकीचं मी गाळलं. मग तिनं पोट्ट्याला फोन लावून एवढंच विचारलं, तुमच्या बोटीवर रात्री लाइट असतात काय रे. तो म्हणे असतात. आता ती मला विचारून राहिली की लाइट असलेलं बरं का नसलेलं, काय सांगू?