प्रभूच्या सहवासाने माणूस बदलतो की आज्ञा पाळल्याने?

वाटसरू : शिष्यत्वाचे कोर्स, वचनं पाठ करणं, रोजचं मनन, सगळं चांगलंच आहे, पण माणूस आतून बदलतो तो फक्त प्रभूच्या सहवासात असं माझं ठाम मत आहे. बायबलमधलं मार्क 3:14 बघा, येशूने बारा शिष्य नेमले ते आधी आपल्यासोबत राहावेत म्हणून, उपदेशाला पाठवणं त्याच्यानंतर. आपण नेमकं उलटं करतो, नवीन विश्वासणारा आला की लगेच सेवेला जुंपतो.

रोखठोक : मग येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योतचं काय? तोही बारांतलाच, तेच उपदेश ऐकले, तेच चमत्कार बघितले, आणि योहान 12:6 सांगतं की पैशांची डबी त्याच्याकडे असायची आणि तो त्यातलं चोरायचा. सहवास होता की! प्रार्थनेत ढसाढसा रडणारे आणि घरी येऊन बायकोवर खेकसणारे आपण सगळ्यांनीच पाहिलेत. मत्तय 7:21 वाचा, नुसतं प्रभू प्रभू म्हणून चालत नाही.

साधी विश्वासी : मला तो श्रीमंत जकातदार जक्कय आठवतो. येशू त्याला पैशाबद्दल चकार शब्द बोलला नाही, फक्त म्हणाला की आज मला तुझ्या घरी उतरायचंय, आणि हा उभा राहून सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. हे कुठल्या नियमाने झालं?

रोखठोक : आणि मार्क 10 मधला तो श्रीमंत माणूस? येशूने त्याच्याकडे बघून त्याच्यावर प्रीती केली असं लिहिलंय, तरी तो खिन्न होऊन निघूनच गेला ना, कारण सगळं विकून गरिबांना दे असं सांगितलेलं करायचं नव्हतं.

वाटसरू : निघून गेला, हेच तर म्हणतोय मी. येशूला धरलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र याने कोळशाच्या विस्तवापाशी शेकत शेकत तीनदा त्याला नाकारलं, आणि योहान 21 मध्ये परत कोळशाचा विस्तव, परत येशूचा तीनदा प्रश्न, माझ्यावर प्रीती करतोस का, मेंढरं चारायचं, म्हणजे त्याच्या माणसांना सांभाळायचं काम त्या प्रश्नाला जोडूनच मिळालं. पस्तावा यहूदालाही झाला, पण तो येशूला धरून देण्याबद्दल मिळालेली चांदीची नाणी परत घेऊन याजकांकडे गेला, येशूकडे नाही. मी सहवास म्हणतो तो हा, पडल्यावरही त्याच्यापासून तोंड न लपवणं. यहूदा नुसता शरीराने जवळ होता.

रोखठोक : पेत्राचं पटलं. पण द्राक्षवेलाचा जो अध्याय सगळे सहवासासाठी सांगतात त्यातच योहान 15:10 आहे, माझ्या आज्ञा पाळल्या तर माझ्या प्रीतीत राहाल. म्हणजे पाळणं सोडून वेगळा सहवास उरतच नाही. आणि मत्तय 5:24 तर म्हणतं अर्पण वेदीपुढेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. ज्याच्याशी अबोला धरलाय त्याला आधी फोन लावा, प्रार्थना नंतर.

साधी विश्वासी : तो फोन लावायला तरी मला आधी गुडघ्यांवर जावंच लागतं हो, नाहीतर रात्रभर राग उगाळून सकाळी फोन केला की दुसऱ्याच वाक्याला परत भांडण सुरू होतं.